लाखेखालचा आकडा

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होते. त्या गावातली हेमांगी सुतार नावाची मुलगी सहा वर्षे दूरदेशी इंजिनांचे शास्त्र शिकली आणि परत आली. येताना तिला वाटले होते, गाव आपल्याला प्रश्नांनी भंडावून सोडील. इंजिन का तापते, पेट्रोल कुठे वाया जाते, आमच्या मुलींना हातात पाना धरायला कधी शिकवतेस, असे विचारील. प्रत्यक्षात गावाने तिच्या गळ्यात हार घातला, तोंडात पेढा कोंबला आणि एकही प्रश्न विचारला नाही. गावाकडे उत्तरे तयार होती. त्यातले सर्वांत लाडके उत्तर असे होते: आनंदा कुंभार दारू पिऊन पडला.

आनंदा दूध संघाची गाडी चालवत असे. रोज पहाटे वाड्यावस्त्यांवरचे दूध गोळा करून तो सातच्या आत संघाच्या ओट्यावर आणी. आठ वर्षांत त्याच्या हातून एक कॅन सांडला नव्हता. शिवाय तो गावाचा शर्यतीचा गडी होता. दर चैत्रात जुन्या घाटात मोटारसायकलींची शर्यत भरे. चाळीस वर्षांहून जुनी गाडीच चाले. इंजिनात हवे ते बदल करायला मुभा होती. आजूबाजूची सात गावे एकेक गाडी उतरवत. या गावाची गाडी वर्गणीतून घेतलेली होती. तिला सगळे काळी म्हणत.

त्या वर्षी गावच्या दस्तगीर मिस्त्रीने काळीचे इंजिन वाढवले होते. सिलिंडर आतून कोरून मोठा पिस्टन बसवला होता. जुना कार्ब्युरेटर काढून नवा, रुंद तोंडाचा लावला होता. आनंदाने पाच वळणे अशी कापली की बघणाऱ्यांनी टोप्या उडवल्या. सहाव्या वळणानंतरच्या लांब चढावर त्याने मूठ पूर्ण पिळली आणि इंजिन जाग्यावर जाम झाले. मागचे चाक थांबले. आनंदा दगडी कठड्यावर आपटला. त्याच्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले.

आदल्या दिवशी त्याच्या मावसभावाची हळद होती. गावाला तेवढे पुरले.

हेमांगी त्याला भेटायला गेली तेव्हा तो बाजेवर पाय लांब करून पडला होता. अपघाताला तीन महिने झाले होते.

"बरं वाटतंय का रे?"

"पायाला वाटतंय, ताई. बाकीच्याचं काय इचारू नका."

"काय झालं?"

"उद्या सकाळी संघाच्या ओट्यावर माझ्या नावाची चिठ्ठी वाचणार हायत. दारुड्याच्या हातात दुधाची गाडी देता येत न्हाई म्हनं." त्याने छताकडे बघितले. "एक घोट घेतला नव्हता मी. हळदीत नुसता मट्ठा पिलो. ते बी सांगितलं. तर लोक म्हनत्यात, मट्ठ्यात काय हुतं ते सांग."

"आणि गाडी? गाडी कुणी उघडून बघितली का?"

आनंदा हसला. ते हसणे चांगले नव्हते.

"गाडी उघडायची म्हंजे दस्तगीर मिस्त्रीवर संशय घ्यायचा. मिस्त्रीचं माप कधी चुकत न्हाई. मग चुकलं कोन? मी."

हेमांगी बाहेर पडली तेव्हा तिच्या कानशिलांत रक्त ठणकत होते. एक माणूस मोडून पडला होता, त्याची भाकरी जायची वेळ आली होती, आणि सगळ्या गावात एकाही माणसाला एक पाना फिरवून बघावेसे वाटले नव्हते. लोखंड खोटे बोलत नाही. पण लोखंडाला विचारायला कुणीतरी जावे तर लागते! यांना आदर हवा होता. आदर फुकट मिळतो, हात काळे करावे लागत नाहीत. ती तशीच तरातरा दस्तगीर मिस्त्रीच्या गॅरेजकडे निघाली.

दस्तगीर मिस्त्री सत्तरीचा होता. हेमांगी नऊ वर्षांची असताना फ्रॉकला ग्रीस लावून घेत तिथेच पहिला नट खोलायला शिकली होती. तिच्या वडिलांनी ओरडून तिला घरी नेले, की दुसऱ्या दिवशी मिस्त्रीच तिला बोलवायला येई. शास्त्र ती दूरदेशी शिकली, पण इंजिनावर जीव लावायला ती याच पत्र्याखाली शिकली होती.

"आलीस व्हय, पोरी. बस. च्या सांगू?"

"चहा नको, चाचा. काळी कुठे आहे?"

मिस्त्रीने कोपऱ्याकडे बोट केले. गोणपाटाखाली काळी उभी होती. हेमांगीने गोणपाट ओढून टाकला, प्लगचा पाना घेतला आणि प्लग काढून उजेडात धरला. नीट चाललेल्या इंजिनाचा प्लग भाजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी असतो. हा चुन्यासारखा पांढराफटक होता.

"कोरडं जळत होतं," ती म्हणाली. "हवा भरपूर आणि पेट्रोल कमी. असं इंजिन मूठ पिळल्यावर पळतं छान. पण लांब चढावर आतून भाजून निघतं आणि पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटतो. चाचा, तुम्हाला हे माहीत आहे. तुम्हीच मला शिकवलंत!"

"व्हय."

"मग तीन महिने तोंड का शिवलंत? तिकडे तो पोरगा दारुडा ठरला!"

मिस्त्री एक फडके घेऊन उगाच हात पुसत राहिला.

काळीच्या कार्ब्युरेटरभोवती तांब्याची तार गुंडाळलेली होती आणि तारेच्या गाठीवर लाल लाख होती. घाटाच्या शर्यतीचा तो शिरस्ता होता. फार पूर्वी कुणीतरी रातोरात दुसऱ्याच्या गाडीचे स्क्रू फिरवले होते, तेव्हापासून प्रत्येक गाव शेवटच्या चाचणीनंतर कार्ब्युरेटरला तार बांधून लाखेची मोहोर करी. पेट्रोल किती जायचे हे कार्ब्युरेटरमधला जेट ठरवतो. जेट म्हणजे सुईच्या नेढ्याएवढे भोक असलेला पितळी तुकडा. त्यावर मापाचा आकडा कोरलेला असतो; आकडा मोठा तेवढे भोक मोठे आणि पेट्रोल जास्त. मोहोर झाली की त्या भोकाचे माप पक्के. नंतर ती मोहोर फोडायची ती फक्त ज्याने माप ठरवले त्याने.

"मोहोर फोडा," हेमांगी म्हणाली. "जेट बघू."

"न्हाई."

"का नाही?"

"ज्यानं माप ठरवलं त्यानंच फोडायची. शिरस्ता हाय."

"मग फोडा की! माप तुमचंच ना?"

मिस्त्रीने तिच्याकडे एकदा बघितले आणि मान खाली घातली. हेमांगीला त्या खाली गेलेल्या मानेत कबुली दिसली. तिला इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी उभे राहिले. ज्या माणसाला तिने सहा वर्षे परक्या देशात मनातल्या मनात गुरू म्हणून नमस्कार केला, तो माणूस स्वतःचे नाव राखायला एका दूधगाडीच्या ड्रायव्हरला बुडवत होता. तिने पांढरा प्लग मुठीत घेतला आणि ती संघाच्या ओट्याकडे गेली.

संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. बायाबापड्या कॅन घेऊन रांगेत उभ्या होत्या. ओट्यावर चेअरमन आप्पासाहेब खुर्ची टाकून बसले होते. दूध संघ त्यांच्या हातात होता आणि शर्यतीची कमिटीही. हेमांगीला हार त्यांनीच घातला होता. संघाची जुनी शीतगृहाची खोली, हेमांगी सुरू करणार होती त्या मुलींच्या इंजिनशाळेसाठी, द्यायचेही त्यांनी कबूल केले होते. अठरा मुलींची नावे आली होती.

"या, या, इंजिनेर बाई! खुर्ची द्या रे."

हेमांगी बसली नाही. तिने प्लग वर धरला.

"हा काळीचा प्लग आहे. हा पांढरा आहे. पांढरा याचा अर्थ, इंजिनाला पेट्रोल कमी पडलं आणि ते भाजून जाम झालं. आनंदा पडला नाही. त्याला पाडलं. ज्यानं त्या कार्ब्युरेटरचं माप ठरवलं, त्यानं त्याचा पाय मोडला. आणि तीन महिने तुम्ही सगळे मिळून त्या मोडलेल्या पायावर उभे आहात!"

रांगेत मागून कुणीतरी म्हणाले, "माप तर मिस्त्रीचं असतंय."

"असेल!"

"सायेबांच्या देशात जाऊन गुरूला इसरली बया," एक म्हातारी शेजारणीला ऐकू जाईल इतक्या हळू आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

"विसरले नाही, काकी. पण गुरू असो, बाप असो, देव असो. ज्याची चूक त्याचं नाव. आज मी मोहोर फोडणार. उद्या सकाळी चिठ्ठी वाचायच्या आधी याच ओट्यावरून मी त्याचं नाव घेणार. मोठ्यानं घेणार. आणि त्याला तोंड लपवायला जागा ठेवणार नाही."

आप्पासाहेबांनी मिशीवरून बोट फिरवले. "नाव घ्या. पर एकदा घेतलं की माघारी घेता येत न्हाई, बरं का. गाव इसरत न्हाई."

"मलाही तेच हवं आहे," हेमांगी म्हणाली.

दिवस अजून मावळला नव्हता. ती परत गॅरेजात आली तेव्हा मिस्त्री होता तिथेच, होता तसाच बसला होता. तिने त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही असे ठरवले होते. तिने स्क्रूड्रायव्हरचे टोक लाखेखाली घातले. लाख कटकन तुटली आणि तिचे तुकडे फरशीवर उडाले. तिने तार उलगडली, चार स्क्रू काढले, खालची वाटी सोडवली. जेट हातात आला. बारीक आकडा वाचायला तिने तो दाराजवळ नेला.

एकशे तीस.

"एकशे तीस?" न बोलायचे ठरवलेली हेमांगी ओरडली. "एवढ्या मोठ्या पिस्टनला? या रुंद कार्ब्युरेटरला? आणि आपल्या पंपाच्या पेट्रोलवर? चाचा, आपल्या पेट्रोलमध्ये पाचवा हिस्सा उसाचं स्पिरिट असतं! तेवढ्याच हवेत जळायला स्पिरिट जास्त लागतं, पेट्रोल कमी लागतं. शेंबडं पोरसुद्धा इथे एकशे चाळीसच्या खाली उतरणार नाही. कुठल्या गाढवानं सांगितलं हे तुम्हाला?"

मिस्त्रीने खिशातून फोन काढला. त्याची काच तडकलेली होती. बराच वेळ बोट फिरवून त्याने जे शोधायचे ते शोधले आणि फोन तिच्यापुढे धरला.

"वाच," तो म्हणाला.

गेल्या श्रावणातली तारीख होती. वर मिस्त्रीचा मजकूर होता. "हेमा पिस्टन मोटा केलाय. जुना कारबोटर पुरना. कितीचा लावू. जेट कितीचा. पेट्रोल पंपाचंच हाय." खाली उत्तर होते. "बत्तीसचा लावा. मेन जेट १३०. आकड्याला हात लावू नका." त्या उत्तरावर तिचे नाव होते.

तिने आणखी खाली वाचले. चैत्रातला, शर्यतीच्या चार दिवस आधीचा मजकूर होता. "पोरी चढावर गाडी कोरडी बोलतीया. जेट मोटा करू का." त्याखाली तिचेच उत्तर. "चाचा, कानाने इंजिन चालत नाही. मी गणित केलं आहे."

तिने ते पुन्हा वाचले. मग आठवले. मजकुरात काळीचे नाव नव्हते, आणि गडबडीत लिहिलेली दोन्ही उत्तरे ती पाठवताच विसरून गेली होती. श्रावणात तिची परीक्षा होती. एका हातात कागद आणि एका हातात फोन धरून जिन्यावर तिने तो आकडा लिहिला होता. गणित खरे होते. पण ते त्या देशाच्या पेट्रोलचे होते, जिथे स्पिरिट नावाला घालतात. चाचाने पंपाचे पेट्रोल असे लिहूनही दिले होते. ते तिने वाचलेच नव्हते. साखर कारखान्याच्या स्पिरिटचा वास ती पाळण्यात असल्यापासून घेत होती, आणि त्या जिन्यावर तिला तो आठवला नव्हता. एका प्रश्नाचे काम होते. चाचा, तुमच्या पेट्रोलमध्ये काय आहे? एवढाच प्रश्न. तो विचारायला तिला वेळ नव्हता. आणि ज्या म्हाताऱ्याच्या कानाने तिला इंजिन ऐकायला शिकवले, त्या कानाला तिने गप्प बसवले होते.

ती फरशीवर बसली. लाखेचे तुकडे तिच्या तळहाताला टोचत होते.

"तुम्ही सांगितलं का नाही?" ती शेवटी म्हणाली. तिचा राग गेला नव्हता, फक्त त्याला आता कुठे जायचे ते कळत नव्हते. "मघाशी मी तुमच्यावर एवढी ओरडले. तेव्हा तरी सांगायचं!"

"काय सांगू? हेमानं माप दिलं म्हनून? पोरी, तुझं नाव घेतलं असतं तर लोक म्हनले असते, बाईमानसानं इंजानात नाक खुपसलं आन् गड्याचा पाय गेला. तुझ्या शाळेत एक पोरगी आली नसती. मी म्हनलं, ऱ्हाऊ दे. आकडा मी बी बसिवला हुता की. माझा बी कान सांगत हुता, तरी मी गप बसलो. शिकलेलं मानूस सांगतंय म्हनून."

"आणि आनंदा?"

मिस्त्रीने फोन परत खिशात टाकला.

"मला वाचवायला तुम्ही आनंदाला बुडवलंत, चाचा! माझ्यावर माया करताना तो मधे आला, तर त्याला तुडवलंत! ही कसली माया?"

"चुकलं माझं." म्हातारा खाली वाकला आणि त्याने तिच्या हातातला जेट काढून घेतला. "आता ऐक. उद्या असं सांग, जेटमधे कचरा अडकला हुता. मिस्त्रीनं साफ केला न्हाई. आनंदाची नोकरी ऱ्हातीया. तुझी शाळा ऱ्हातीया. माझं नाव जाईल. जाऊ दे. मला आता किती गाड्या करायच्या हायत?"

"आणि हा आकडा?"

"मी उद्या गुपचूप एकशे बेचाळीस बसिवतो. कुनाला कळतंय?"

हेमांगी उठून घरी गेली.

खरे सांगायचे तर, त्या रात्री तिने कचऱ्याचा पुष्कळ विचार केला. कचरा सोयीचा होता. कचऱ्याने आनंदाची नोकरी वाचत होती, अठरा मुली वाचत होत्या, आणि म्हातारा स्वतः होऊन मान पुढे करत होता. कुणाचे काय बिघडणार होते? तिला आपल्या डोक्यात चाललेल्या या गोड युक्तिवादाची शिसारी आली. तीन महिने गावानेही हेच केले होते. सोयीचे उत्तर घेतले होते आणि एका माणसाला त्याखाली गाडले होते. कालपर्यंत तिने ज्यांच्यावर दात ओठ खाल्ले, त्यांच्याच रांगेत ती हळूच जाऊन उभी राहू पाहत होती. आणि ज्याला तोंड लपवायला जागा ठेवणार नाही असे ती गरजली होती, त्याच्यासाठी आता ती स्वतःच जागा शोधत होती.

सकाळ झाली. तिने केस बांधले आणि ठरवले. कचरा नाही.

ओट्यावर सगळे गाव जमले होते. दुधाचे माप होऊनही कुणी हलले नव्हते. आनंदा कुबड्या घेऊन आला होता आणि एका बाजूला भिंतीला टेकून उभा होता. दस्तगीर मिस्त्री पुढे उभा होता, जणू शिक्षा घ्यायला सोयीचे पडावे म्हणून. आप्पासाहेबांच्या हातात चिठ्ठी होती.

"चला, ताई. सांगा नाव," आप्पासाहेब म्हणाले. "समद्यांची जनावरं वैरणीवाचून खोळंबल्यात."

हेमांगी ओट्यावर चढली. "हेमांगी बाळकृष्ण सुतार," ती म्हणाली.

लोक हसले. "आगं, तुझं नाव ठावं हाय गावाला," कालची म्हातारी म्हणाली. "त्येचं नाव सांग, पाडणाऱ्याचं."

"तेच सांगितलं, काकी."

हसणे थांबले. मिस्त्री पुढे झाला. "पोरगी घाबरलीया, तिचं ऐकू नका. जेटमधे कचरा..."

"कचरा नव्हता!" हेमांगीचा आवाज काल चढला होता त्याहून चढला. "चाचा, मागे व्हा. ऐका सगळे. माप माझं होतं. मिस्त्रींनी विचारलं, मी दोन ओळींत आकडा लिहून पाठवला. तो आकडा दुसऱ्या देशाच्या पेट्रोलचा होता. आपल्या पेट्रोलला जेट मोठा लागतो. मी विचारलं नाही. मिस्त्रींनी सांगितलं, गाडी कोरडी बोलते. मी त्यांना गप्प केलं. काल मी इथे उभी राहून म्हणाले, ज्यानं माप ठरवलं त्यानं याचा पाय मोडला. ते खरं आहे. मी मोडला."

आनंदा भिंतीपासून सुटला आणि कुबड्या टेकत ओट्याजवळ आला. हेमांगीला वाटले, तो काहीतरी चांगले बोलेल. तो तसे बोलला नाही.

"तीन म्हयने, ताई," तो म्हणाला. "माझी आई देवळात जायची बंद झालीया."

"हो."

"तुम्ही खरं बोलला म्हनून पाय सरळ व्हनार न्हाई."

"नाही होणार."

आप्पासाहेबांनी खाकरून घसा साफ केला. "झालं ते झालं. आनंदा, तू उद्यापास्नं ये, पाय बरा झाला की गाडीवर बस." त्यांनी चिठ्ठीची घडी खिशात घातली. "आता ताई, शाळेचं मातुर बघावं लागंल. अशानं पोरी कोन धाडनार? मी खोलीचं काय सांगू शकत न्हाई. उतरा खाली."

"खोली देऊ नका," हेमांगी म्हणाली. "पण आप्पासाहेब, तुम्ही तीन महिने याच ओट्यावरून आनंदाला दारुडा म्हणालात. आता म्हणा, की आनंदा प्यायला नव्हता. तुम्ही ते म्हणेपर्यंत मी उतरणार नाही." आणि ती ओट्यावर मांडी घालून बसली.

आप्पासाहेब हसण्यावारी न्यायला गेले. कुणी हसले नाही. ऊन कॅनच्या झाकणांवर चढले. टँकरच्या ड्रायव्हरने दोनदा हॉर्न दिला. दूध तापत होते. पण रांगेतली एकही बाई आपला कॅन टँकरकडे न्यायला पुढे झाली नाही.

"आनंदा पिलेला नव्हता," आप्पासाहेब मिशीत पुटपुटले.

"मोठ्यानं," आनंदा म्हणाला.

आप्पासाहेबांनी एकदा त्या रांगेकडे बघितले. मग ते खुर्चीतून उठले आणि मागच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटले.

तात्पर्य: चूक कुणाची हे विचारताना आपला आवाज जितका चढतो, तितकाच ती चूक आपली निघाल्यावरही चढला पाहिजे. स्वतःच्या दारापाशी येऊन जो राग मवाळ होतो, तो न्यायासाठी आलेला नव्हताच.